पाककृतीचा अव्वल कारकून

मनुष्यस्वभावाची वर्गवारी करणाऱ्या जुन्या ग्रंथकारांनी कृपण, वाचाळ, दीर्घसूत्री, खुशामतखोर इत्यादी जाती मोठ्या कसोशीने नोंदवून ठेवल्या आहेत. परंतु परक्याची पाककृती हाती पडताच, ती पुरती वाचून होण्याच्या आतच, कानावरची पेन्सिल काढून समासात दुरुस्त्या लिहू लागणारा जो गृहस्थ सणावारी घरोघरी प्रकट होतो, त्याच्याकडे मात्र कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. हा गृहस्थ आचारी नसतो, कारण चहाच्या आधणापलीकडे त्याने चुलीवर काही चढवल्याचा दाखला दप्तरी नसतो. आणि निव्वळ खवय्याही नसतो, कारण खवय्याला मतलब पदार्थाशी, आणि याला पदार्थाच्या मसुद्याशी. पदार्थ जसा सांगितला तसा करणे हा बुद्धीचा अधिक्षेप आहे अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. उलट सर्वस्वी नवा पदार्थ निर्माण करण्यास त्याची तयारी नसते, कारण त्यात जबाबदारी येते. तेव्हा वरचे नाव कायम ठेवून खालची कलमे एकामागून एक बदलत जाणे, आणि शेवटी जे काही ताटात पडेल त्याला त्याच नावाने हाक मारण्याचा आग्रह धरणे, हा त्याने पत्करलेला मध्यममार्ग होय.

नात्याने तो कोणाचा काका, कोणाचा मामा, तर कोणाचा सासरा असतो. आपण सोयीसाठी त्याला अण्णा म्हणू. अण्णांचे सगोत्र पुण्यात आहेत, बेळगावात आहेत आणि परदेशी गेलेल्या लेकीसुनांच्या घरी सहा महिन्यांच्या मुक्कामाला जाणाऱ्या सासऱ्यांतही त्यांचा भरणा मोठा आहे; तथापि हे वाण अस्सल स्वरूपात पाहायचे असेल, तर भाद्रपदात कुंभारवाड्याला जावे. उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यात, जोयड्याहून अणशीच्या घाटाने कारवारकडे उतरू लागण्याआधी, दाट अरण्यात हे गाव वसले आहे. सुपारीच्या बागा, भाताची खाचरे आणि त्यांच्यामध्ये एकमेकांपासून शिष्टसंमत अंतर राखून असलेली घरे, एवढाच त्याचा बाह्य विस्तार. काळी व्याघ्र प्रकल्पातील एका वनपरिक्षेत्राला या गावाचे नाव आहे, आणि माघात चन्नबसवेश्वराच्या यात्रेसाठी घाटमाथ्यापलीकडच्या बैलगाड्या ज्या उळवीला जातात, ती उळवीही येथून फार लांब नाही.

अण्णांची जडणघडण समजण्यासाठी थोडा महसुली इतिहास ध्यानी घेणे प्राप्त आहे. कानडा जिल्ह्याचे दोन भाग होऊन उत्तरेकडचा भाग १८६२ साली मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत तो म्हैसूर राज्यात, म्हणजे १९७३ पासूनच्या कर्नाटकात गेला. पुढे काळी नदीवरील धरणाच्या जलाशयात जुने सुपे गाव बुडाले आणि तालुक्याची कचेरी जोयड्याला आली. माणसे जागच्या जागी राहिली आणि मुलूख मात्र त्यांच्याखालून बदलत गेला. परिणामी या बाजूच्या कित्येक कुटुंबांत घरात कोकणी, पत्रात मराठी आणि कचेरीत कानडी अशी त्रिस्थळी यात्रा नित्य चालू असते. अण्णांचे तीर्थरूप मुंबई सरकारच्या महसूल खात्यात होते, आणि स्वतः अण्णांनी बंगळूरच्या सरकारची चाकरी केली. पण वडिलांच्या दप्तरातील जबानी, रुजुवात, तसलमात, कैफियत हे शब्द त्यांनी वतनाप्रमाणे जपले. नोकरीत असताना त्यांच्यापुढून एकही कागद शेऱ्यावाचून पुढे सरकला नाही. सेवानिवृत्तीनंतर कागद येईनासे झाले, आणि लेखणी मात्र वाहती राहिली. तेव्हा त्यांनी आपली हुकूमत परसदारी, म्हणजे स्वयंपाकघराच्या दिशेने, वाढवली यात अनैसर्गिक असे काही नाही.

गेल्या चवथीपूर्वी गोव्यात दिलेल्या पुतणीने फोनवर सहज म्हटले की, या खेपेस सगळे जमणार आहेत, तर आपण बेबिंका करू या. बिचारीच्या मनात एवढेच होते की, गोव्याहून येताना एक विकतची बेबिंका आणावी, ती गौरी-गणपती बोळवल्यावर मुलांना द्यावी, आणि प्रकरण मिटवावे. पण अण्णांनी 'करू या' हे क्रियापद अर्जाच्या स्वरूपाचे मानून घेतले आणि तो दाखल करून चौकशीला प्रारंभ केला.

ज्यांना या मिष्टान्नाचा परिचय नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. बेबिंका हे गोमंतकातील ख्रिस्ती घरांत नाताळाला, लग्नकार्याला होणारे थरांचे पक्वान्न. नारळाचे दाट दूध, अंड्यांचा बलक, साखर, थोडा मैदा आणि जायफळ एकत्र करून पातळ मिश्रण करतात. भांड्याला तूप लावून त्यातले एक पळीभर ओततात आणि वरून आच देऊन भाजतात. पृष्ठभाग तांबूस झाला की त्यावर पुन्हा तूप, पुन्हा एक पळी, पुन्हा वरून आच. असे रीतसर सात थर, आणि हौस दांडगी असेल तर सोळापर्यंत. पूर्वी मातीच्या भट्टीवर नारळाच्या सोडणांचे निखारे ठेवून ही आच देत असत. वरचा थर ओतण्याची घाई केली तर खालचा कच्चा थर त्यात मिसळतो आणि सगळा एकजीव गोळा होतो. म्हणून हे काम चार-पाच तासांचे, आणि ते करणाऱ्या बाईला तेवढा वेळ भट्टीपासून हलता येत नाही. जुन्या गोव्यातील सांता मोनिकाच्या मठातील एका जोगिणीने लिस्बन आणि गोवे या दोन्ही नगरांच्या सात टेकड्यांची आठवण म्हणून प्रथम सात थर रचले, आणि पाद्रीबाबांना ते अपुरे वाटल्यामुळे थर वाढवण्यात आले, अशी आख्यायिका आहे. तिची शहानिशा कोणी केलेली नसली, तरी स्वतः भट्टीपुढे न बसणाऱ्याने थर वाढवून मागावेत, हा तिच्यातला भाग कोणत्याही घरात पटण्याजोगा आहे. २०२३ साली गोव्याच्या बेबिंकेला भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे तिच्या नावाला सरकारी संरक्षण लाभले. ही वार्ता ऐकून अण्णा काही काळ चिंताग्रस्त झाले. पण हे संरक्षण व्यापाऱ्यांपुरते असून चुलत्यांपासून नाही, असा निर्वाळा त्यांनी स्वतःच स्वतःला दिला.

सीमेपलीकडचा पदार्थ आपल्या घरात कसा, ही शंका कोणी घेऊ नये म्हणून अण्णांनी प्रस्तावनेतच मुद्दा मांडला की, गोव्याची आगगाडी घाट चढून जेथे येते ते कॅसलरॉक आपल्याच तालुक्यातले. १९६१ पूर्वी पोर्तुगीजांचे जकातीचे नाके खाली कुळ्याला आणि हिंदुस्थानचे वर कॅसलरॉकला असे. तेव्हा ज्या मार्गाने इतका माल आला, त्याच मार्गाने एक पाककृती आली तर बिघडले कोठे? फक्त सरहद्दीवर तिची झडती घेतली गेली पाहिजे. ही झडती घेण्याचा अधिकार पुरुषाला कसा पोहोचतो, यासाठी त्यांनी पूर्वाधारांची यादीच जोडली: बाराव्या शतकात 'मानसोल्लासा'त अन्नभोगाचे वर्णन करणारा कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर, सतराव्या शतकात 'भोजनकुतूहल' हा संस्कृत ग्रंथ रचणारे रघुनाथ गणेश नवहस्त, आणि १८७५ साली मराठीत 'सूपशास्त्र' प्रसिद्ध करणारे रामचंद्र सखाराम गुप्ते. यादी येथेच थांबते. पुढे लक्ष्मीबाई धुरंधर आल्या, कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' वाटी-चमच्यांच्या मापाने घरोघरी पोहोचली, आणि पाककृती लिहिणाऱ्याला ती करताही आली पाहिजे असा एक अनिष्ट प्रघात पडला. या कालखंडाची दखल घेण्याचे अण्णांना कारण नव्हते.

झडतीत पहिला आक्षेप अर्थातच अंड्यांवर निघाला. एका बेबिंकेला दहा-बारा बलक सहज लागतात, आणि चवथीच्या दिवसांत घरात अंडे येणे अशक्य; याबाबतीत अण्णांच्या पत्नीचा, म्हणजे काकूंचा, निर्णय अपिलाला पात्र नव्हता. बलक वगळला की काय होते, हे मात्र समजून घ्यायला हवे होते. बलक सुमारे ६५ ते ७० अंश सेल्सियस उष्णतेला घट्ट होतो, आणि त्यामुळेच बेबिंकेचा पळीभर पातळ थर बघता बघता बसतो, कापला तरी लवचीक राहतो. बलक काढला तर हे काम पिठाने करायचे. आणि मैदाही अण्णांनी प्रकृतीच्या कारणास्तव नामंजूर केला असल्याने ते तांदळावर येऊन पडले. हे अगदीच निराधार नव्हते. मलायी लोक तांदळाचे पीठ, नारळाचे दूध आणि साखर यांचे रंगीत थर एकावर एक वाफवून 'कुइ लापिस' नावाचे पक्वान्न करतात, त्यात अंड्याचा स्पर्श नसतो. उलट त्याच द्वीपसमूहात डचांच्या अमदानीत रूढ झालेल्या 'लापिस लेगिट' या थरांच्या केकात बलक आणि लोणी यांची नुसती लयलूट असते. पैकी वाफवलेला थर गुळगुळीत आणि एकरंगी होतो. भाजलेल्या थराच्या पाठीवर जी तांबूस रेघ उमटते, आणि जिच्यामुळे बेबिंकेचा काप पाहताक्षणी थर मोजता येतात, ती वरच्या आचेवाचून येत नाही. अण्णांना तांदूळही हवा होता आणि रेघही हवी होती.

दुसऱ्या कलमाने साखर गेली आणि गूळ आला. तिसऱ्या कलमाने तूप निम्म्यावर आले. चौथ्या कलमाने जायफळाबरोबर वेलची आली, ती कोणी मागितली नसताना. पाचवे कलम स्वाभिमानाचे होते: जोयड्याच्या कुणबी बांधवांचे कंद आज सर्वदूर नाव कमावून आहेत, जानेवारीत तालुक्याच्या गावी त्यांचा मेळा भरतो, तेव्हा एक थर कंदाचा असलाच पाहिजे. कंद थंडीत खणतात आणि चवथ पावसाळ्यात येते, हे पुतण्याने अदबीने निदर्शनास आणल्यावर अण्णांनी कलम रद्द केले नाही. त्यापुढे 'तत्त्वतः मंजूर, अंमलबजावणी हंगामी' असा शेरा मारला.

येथपर्यंतचे सर्व बदल, त्यांचे दुष्परिणाम मान्य करूनही, क्षम्य म्हणता आले असते. पण सणाला माणसे जमू लागली आणि अण्णांच्या कारकिर्दीतील सर्वांत मोठा बंदोबस्त हाती घ्यावा लागला. प्रत्येक शाखेला बेबिंकेविषयी स्वतंत्र मत होते. बेळगावकरांनी येताना कुंदा आणला होता, आणि तो वाटीत वेगळा खाण्यापेक्षा थरात जावा अशी त्यांची मागणी होती. धारवाडकरांनी ती ऐकताच पेढ्यांचा पुडा पुढे सरकवला. पुणेकर सुनेने नाचणीचे पीठ आणि त्यासोबत नाचणीच्या गुणांचे निरूपण आणले. बंगळूरच्या नातवंडांना चॉकलेट हवे होते. घरच्या शाखेने उन्हाळ्यात वाळवलेली फणसपोळी काढली. गोव्याच्या पुतणीला आता काहीच नको होते. पण मूळ अर्जदार ती असल्याने साखरेचा एक थर तिच्या नावे राखून ठेवणे न्यायाला धरून होते. अशा प्रसंगी सामान्य माणूस वैतागून शेवयांची खीर करायला सांगतो. अण्णांनी शांतपणे वहीत सात आडव्या रेघा ओढल्या, आणि जमिनीच्या पहाणीपत्रकात पोटहिस्से चढवावेत तसे एकेका शाखेच्या नावे एकेक थर चढवला: तळाचा थर गूळ-तांदळाचा, देवाचा, बिनशर्त, त्यावर क्रमाने गोवे, बेळगाव, धारवाड, पुणे, बंगळूर आणि सर्वांत वर घरचा. कोणाचा थर वर आणि कोणाचा खाली, यावरून धारवाड आणि बेळगाव यांच्यात किंचित हद्दीचा वाद उद्भवला. परंतु दुधाचे पदार्थ शेजारी असावेत या तत्त्वावर तो तडजोडीने मिटला.

मुहूर्त हरतालिकेच्या रात्रीचा निघाला, कारण दुसऱ्या दिवशी मूर्ती येणार. त्या रात्री घरातल्या सगळ्या बायका उपाशी असतात ही गोष्ट मसुद्यात कोठेच आली नव्हती. उपास असल्यामुळे मिश्रणाची गोडी कोणी पाहायची हा प्रश्न उपस्थित झाला, तेव्हा आपण निरुपवास असल्याचे अण्णांनी नम्रपणे कळवले, आणि पुढचे काही तास त्यांनी प्रत्येक थराची दोन-दोन वेळा तपासणी केली. मधुमेहाच्या कारणास्तव साखर आणि तूप कमी करण्याची जी कलमे होती, त्यांचा रोख नेमका कोणाच्या प्रकृतीकडे होता, हे विचारण्याचे धाडस कोणाला झाले नाही.

पुण्याहून विजेची भट्टी आणली होती. काळी नदीच्या पाण्यावर नागझरीचे वीजगृह चालते, खाली कैगा येथे अणुवीज निर्माण होते, आणि या अरण्याच्या परिसरातून निघालेला प्रकाश दूरदूरची नगरे उजळतो. पण भाद्रपदातल्या पावसात कुंभारवाड्याला वीज जायची असली की ती जातेच. दुसरा थर निम्मा भाजला असताना ती गेली. मग मागच्या पडवीतली चूल पेटली, पातेल्यावर लोखंडी परात आली, परातीत करवंट्यांचे निखारे आले. सोडणे पावसाने ओलसर होऊन नुसती धुमसत होती. काकू, धाकटी जाऊ आणि दोन सुना आळीपाळीने चिमट्याने परात उचलत, थराला बोट लावून पाहत, पळी ओतत आणि पुन्हा परात ठेवत. आणि अण्णा डोक्यापाशी कंदील धरून प्रत्येक थराच्या आरंभाची व समाप्तीची वेळ वहीत मांडत. कंदिलाचा उजेड वहीवर पडे, पातेल्यात नव्हे. शेवटी काकूंनी न राहवून म्हटले, "मात्शे कुशीक सरात." अण्णा कुशीला सरले, आणि तीही वेळ त्यांनी मांडली.

पदार्थविज्ञानाला नातेसंबंधांची पर्वा नसते. कुंद्याच्या थरात आटीव दूध आणि साखर, त्यामुळे तो वरच्या आचेला पाहता पाहता काळवंडला. पेढ्याचा थर वितळून बेळगावच्या हद्दीत शिरला. नाचणीने मिळेल तेवढा ओलावा शोषून घेतला आणि ती घट्ट बसून राहिली. चॉकलेटाने तूप सोडले, आणि त्या तुपावर घरची फणसपोळी कोणत्याही बाजूला सरकण्यास मोकळी झाली. तळच्या तांदळाचा थर तेवढा नीट बसला होता, कारण तो काकूंनी कोणालाही न विचारता, पीठ आधी थोडे शिजवून घेऊन ओतला होता. उत्तररात्री पातेले उतरवले, पहाटेपर्यंत निवू दिले, आणि सर्व शाखांच्या समक्ष ताटात उपडे केले. देवाचा थर बुडालाच चिकटून राहिला आणि उरलेले सहा हिस्से निरनिराळ्या दिशांना गेले. कोर्टाची पायरी न चढता एवढी स्वच्छ वाटणी त्या घरात पूर्वी झाली नव्हती. ताटाकडे पाहून धाकटी जाऊ म्हणाली, "बलक ना, मैदो ना, भट्टी ना; मागीर ही बेबिंका खंयची?" हा प्रश्न गोव्याच्या पुतणीला पहिल्या दिवसापासून पडला होता, पण माहेरी आलेल्या मुलीने किती बोलावे याला मर्यादा असते.

अण्णांचे मोठेपण अशाच प्रसंगी दिसते. ते खचले नाहीत. वही मिटून त्यांनी स्नान केले, सोवळे नेसले आणि मूर्तीच्या जागेवर टांगलेल्या माटोळीला फळे नीट बांधली आहेत की नाहीत हे पाहायला गेले. इकडे मूर्ती यायला अवकाश होता, नैवेद्याला मोदक होतेच, पण पाहुण्यांच्या न्याहारीचे काही तरी बघायला हवे होते, आणि रात्रीचे तांदळाचे पीठ व खवलेला नारळ शिल्लक होता. काकूंचे माहेर कुडाळकडचे. त्यांनी चुलीवर बिडाचा तवा ठेवला, केळीच्या देठाने तूप फिरवले, पातळ पिठाचे घावन टाकले. ते सुटू लागताच त्यावर गूळ-खोबऱ्याचे चून पसरले आणि अर्ध्यावर दुमडून तव्याच्या एका बाजूला घेतले. रिकाम्या झालेल्या अर्ध्या तव्यावर पुन्हा पीठ ओतले, दुमडलेल्या घावनावर पुन्हा चून पसरले, आणि नवे पीठ वर कोरडे पडण्याच्या आत जुने त्याच्यावर अलगद उलथले, म्हणजे ओल्या पिठाला चिकटून ते बसते. असे डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे उलथत उलथत घावन जाड होत गेले. त्याला भट्टी लागली नाही, निखाऱ्यांची परात लागली नाही, घड्याळही लागले नाही. पीठ केव्हा सुटले हे त्या कडेकडे पाहून ओळखत होत्या. सिंधुदुर्गात याला सात कप्प्यांचे घावन म्हणतात. सुरीने कापले तेव्हा पांढऱ्या पापुद्र्यांमधून तपकिरी चुनाच्या रेघा मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट दिसल्या.

पंक्तीत अण्णांच्या पानात एक काप पडला. त्यांनी तो चाखला, निरखला, थर मोजले, दुसरा काप मागून घेऊन तेही मोजले, आणि मग जेवण आटोपल्यावर वही उघडून सर्व कलमांशी रुजुवात घातली. अंडे: नाही. मैदा: नाही. साखर: नाही, गूळ आहे. तूप: निम्म्याहून कमी. नारळ व तांदूळ: स्थानिक. विजेची गरज: नाही. थर: सात, आणि मधली रेघ शाबूत. एकही अट मोडलेली नाही, हे सिद्ध झाल्यावर त्यांनी खाली सुवाच्य अक्षरात नोंद केली: 'बेबिंका, सुधारित. प्रयोग यशस्वी.' आणि सही करून तारीख घातली. काकूंनी ती नोंद वाचली की नाही कळत नाही; त्या वेळी त्या अठ्ठेचाळीस पाने घासायला टाकण्याच्या व्यवस्थेत होत्या, आणि आदल्या रात्रीच्या पातेल्याचे बूड खरवडण्याचे काम अद्याप कोणी अंगावर घेतले नव्हते.

या नोंदीला कोणी हसेल, आणि हसण्यासारखी ती आहेही. परंतु न्याय दोन्ही बाजूंनी व्हायला हवा. घाटावरून खाली आणि खालून घाटावर जे जे पदार्थ गेले, ते कोणीतरी असेच अर्धवट समजून, अर्धे बदलून, घरच्या धान्यावर आणि घरच्या सोवळ्यावर बेतून घेतले म्हणूनच टिकले. मिरची, बटाटा, साबुदाणा परदेशातून येऊन उपासाच्या ताटात बसले, ते काही मूळच्या पाककृतीचे शब्दशः पालन करून नव्हे. बदल करण्यात अण्णांचे चुकत नाही. त्यांचा गैरसमज एवढाच की, बदल वहीत होतात. वास्तविक ते तव्याच्या कडेशी होतात, तेथे उभी असलेली बाई ते करते, आणि तिला त्यांची नोंद ठेवायला सवड नसल्यामुळे इतिहास अण्णांच्या हस्ताक्षरात लिहिला जातो. तथापि हेही कबूल करायला हवे की, अण्णांनी सारे घर रात्रभर वेठीस धरले नसते, तर माहेरचे घावन काकूंनी त्या सकाळी केलेच नसते. कित्येक वर्षांत ते त्या घरात झाले नव्हते, आणि बंगळूरच्या नातवंडांना तर ते ठाऊकच नव्हते.

म्हणून ज्यांच्या घरी असे अण्णा असतील, आणि ते बहुतेकांच्या घरी असतातच, त्यांना आमची विनंती आहे की, त्यांचा उपमर्द करू नये, त्यांच्या वहीला हात लावू नये, आणि त्यांनी मांडलेल्या कलमांना शक्य तर तत्त्वतः मंजुरी द्यावी. फक्त सणाच्या आदल्या दिवशी सकाळीच त्यांच्यापुढे एक खवणी आणि सोललेल्या नारळांची रास ठेवावी, आणि दाट दुधासाठी खोबरे फार बारीक हवे, ते काम दुसऱ्या कोणावर सोपवण्याजोगे नाही, असे गंभीरपणे सांगावे. मग थर सात करा की सोळा करा. चवथीला घरात नारळ पुष्कळ लागतात.